छोटं विमान बांधायचं कुठं? सोलापूरहून मांडलेला एक हिशेब

सोलापूरच्या विमानतळालगत, होटगी रोडला आसरा चौकाच्या पुढं राहणाऱ्यांना आता नुसत्या आवाजावरून विमान ओळखता येतं. ९ जून २०२५ ला गोव्याची सेवा सुरू झाली, ती दोन पंख्यांच्या एटीआरची. त्याची घरघर जाड, खर्जातली. ऑक्टोबरात मुंबईचं जेट येऊ लागलं, त्याचा आवाज शिट्टीसारखा चिरत जाणारा. तिसरा एक आवाज क्वचित कानावर पडतो. एकाच इंजिनाचा, लांबून येणाऱ्या बुलेटसारखा. तो आला की मी हातातलं काम टाकून गच्चीवर जातो.

मी विमान चालवायला शिकलो ते एका आडगावच्या धावपट्टीवर. तिथं शिकाऊ विमानं सोडली तर आठवडाभरात दुसरं काही उतरत नसे. त्यामुळं ओळखीतले लोक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. सोलापूरचा विमानतळ तर सुरू झाला, मग उद्या इथल्या कुणी स्वतःचं छोटं विमान घेतलं तर त्यानं ते इथंच ठेवावं, धाराशिवसारख्या शांत पट्टीवर ठेवावं, की पुण्यामुंबईला? विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा भाड्याचा आकडा असतो. मला वाटतं भाडं फार खाली येतं. त्याच्या आधी तीन-चार गोष्टी आहेत, आणि त्या सगळ्या विमानाच्या स्वभावातून निघतात.

छोटं विमान म्हणजे डोळ्यांसमोर सेस्ना १७२ आणा. १९५६ पासून ४४,००० हून जास्त बनलेलं, जगात सगळ्यात जास्त खपलेलं विमान. चार जणांची जागा, एक इंजिन, पूर्ण भरल्यावर वजन साधारण १,१५० किलो. म्हणजे वजन एखाद्या लहान कारएवढं, आणि पंखांची रुंदी ११ मीटर, जवळपास एसटीच्या लांबीएवढी. इतकी हलकी आणि इतकी रुंद वस्तू उघड्यावर उभी केली की वारा तिच्याशी खेळणारच. म्हणून दोन्ही पंखांखाली आणि शेपटीला कड्या असतात, जमिनीत पक्के आकडे पुरलेले असतात आणि दोराने विमान बांधून ठेवतात. गोठ्यातल्या जनावरासारखं, खरोखरच. शीर्षकातला ‘बांधायचं’ हा शब्द मी त्या अर्थानं वापरला आहे.

आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात वळीव कसा येतो ते सांगायला नको. दुपारी चारपर्यंत पान हलत नाही, मग क्षितिजावर मातीचा पडदा उभा राहतो आणि दहा मिनिटांत पत्रे उडतात. तो वारा पंखाखाली शिरला की पंख आपलं काम करू लागतो, म्हणजे उचलू लागतो. दोर सैल असेल तर विमान आधी हिसका घेतं, मग दोर तोडतं. त्यामुळं शांत पट्टीवर हँगर नसेल, म्हणजे डोक्यावर पत्र्याचं छप्पर नसेल, तर कमी भाडं हे आमिष समजा. उन्हाचंही तेच. काचेच्या जागी बसवलेलं ॲक्रिलिक उन्हानं पिवळं पडतं, बारीक जाळी धरतं. टायरला भेगा जातात, रबरी नळ्या कडक होतात.

पण याच उन्हाची दुसरी बाजू फार कमी लोक ध्यानात घेतात. विमानाचं अंग ॲल्युमिनियमचं. त्याचा खरा वैरी खारा दमट वारा. १९२८ साली सुरू झालेलं मुंबईचं जुहू हे देशातलं पहिलं नागरी विमानतळ, पण समुद्र हाकेच्या अंतरावर. तिथं उभ्या विमानाच्या रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी धरते, रंगाला फोड येतात, आणि फोडाखाली पत्रा खाल्ला गेलेला असतो. अमेरिकेत जुनी विमानं वर्षानुवर्षं सांभाळायची असतात तेव्हा ती ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन ठेवतात, कोरड्या हवेसाठी. आपल्या सोलापूरची हवा वर्षातले आठ महिने त्याच जातीची आहे. पाऊसमान कमी म्हणून आपण जन्मभर कुढतो, पण वर छप्पर असेल तर विमानाच्या पत्र्याला सोलापूर मानवतं.

पत्र्याचं असं, इंजिनाचं वेगळं. या छोट्या विमानांत बहुतेक वेळा लायकमिंग कंपनीचं इंजिन असतं. त्यात वाल्व उघडझाप करणारा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला बसवलेला आहे. इंजिन बंद केलं की तेल हळूहळू खाली निथळतं आणि वरचा कॅमशाफ्ट उघडा पडतो. इंजिन चालताना जळणातून तयार झालेलं पाणी आत वाफेच्या रूपात राहिलेलं असतं, ते त्या उघड्या पोलादावर बसतं. दोन-तीन महिने विमान जागचं हललं नाही तर गंजाचे ठिपके धरतात, आणि पुढच्या खेपेला ते ठिपके कानशीसारखे घासत जातात. यावर औषध एकच, विमान नियमित उडवणं, तासभर तरी, म्हणजे तेल ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतं आणि आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. काही मालक जागेवरच दहा मिनिटं इंजिन चालवून समाधान मानतात. त्यानं नुकसानच होतं, कारण तेल पुरतं तापत नाही आणि जळणाचं नवं पाणी मात्र आत जमतं.

माझा सगळा हिशेब या एका गोष्टीभोवती फिरतो, म्हणून ती इतकी सविस्तर सांगितली. विमान अशा जागी हवं जिथं तुमचं जाणं होईल. घरापासून चार तासांच्या गाडीप्रवासावर ठेवलेलं विमान पहिल्या वर्षी दर रविवारी उडतं, दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा, आणि तिसऱ्या वर्षी मालक फोनवरून चौकशी करतो.

आता गर्दीच्या विमानतळाकडं बघू. मुंबईला दिवसाला नऊशेच्या आसपास विमानांची ये-जा असते. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरात. अशा रांगेत सेस्ना म्हणजे काय ते अंकांत बघा. उतरताना तिचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या घरात, जेटचा अडीचशेच्या वर. शेवटचे दहा किलोमीटर कापायला तिला पाच मिनिटं लागतात आणि जेटला दोन-सव्वादोन. म्हणजे तिच्या एका उतरण्यात दोन भरलेल्या विमानांची जागा जाते. नियंत्रकानं कुणाला थांबवावं याचं उत्तर उघड आहे, आणि शे-दीडशे प्रवाशांचा विचार केला तर ते योग्यही आहे. पुण्याचं लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ, धावपट्टीवर पहिला हक्क त्यांचा. तिथंही छोट्या विमानाच्या मालकाला आपल्या मर्जीनं सकाळी सातला उठून उडता येईल हे विसरायचं.

गर्दीत आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या विमानाच्या दोन्ही पंखांच्या टोकांपासून हवेच्या आडव्या वावटळी सुटतात आणि मागं काही मिनिटं रेंगाळत राहतात. वैशाखात शेतात उभी वावटळ पाचोळा फिरवत जाते, तीच आडवी पाडली आणि शंभर पट जोरदार केली अशी कल्पना करा. हलकं विमान तिच्यात सापडलं तर कुशीवर वळतं. म्हणून आंतरराष्ट्रीय नियम असा, की सात टनांच्या आतल्या विमानानं मध्यम वजनाच्या विमानामागं उडताना दोन मिनिटं आणि उतरताना तीन मिनिटं अंतर ठेवायचं. तेवीस टनांचं आपलं एटीआर ‘मध्यम’मध्ये येतं. म्हणजे हा नियम आता सोलापूरलाही लागू आहे, जो दोन वर्षांपूर्वी इथं कुणाला आठवावाही लागत नव्हता.

सोलापूरची धावपट्टी साधारण २,१०० मीटरची. प्रवासी विमान उतरतं ते तीन अंशांच्या अगदी कमी उतारानं, दर किलोमीटरला बावन्न-त्रेपन्न मीटर खाली येत. त्या वाटेवर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी उभी होती. १५ जून २०२३ ला ती पाडली. तिच्यावरून शहर आणि ऊसवाले शेतकरी यांच्यात जी कटुता आली ती मी हलक्यानं घेत नाही, ज्यांचा ऊस त्या कारखान्याला जात होता त्यांच्या पोटाचा तो प्रश्न होता. इथं एवढंच सांगायचं आहे की सेस्नासारखं विमान अशी उंच वस्तू टाळून, जवळ वळून, थोड्या जास्त उतारानं उतरू शकतं. मोठ्या विमानाला ती मोकळीक नसते. म्हणूनच जिथं मोठी विमानं येऊ शकत नाहीत अशा पट्ट्यांवर छोट्यांचं राज्य असतं.

पण त्या राज्यात राखण स्वतःच करावी लागते. मी शिकलो त्या पट्टीवर विमानांना सूचना देणारा टॉवर नव्हता. उतरण्याआधी आम्ही धावपट्टीवरून एकदा अगदी कमी उंचीनं जायचो. त्या आवाजानं राखणदारकाका सायकलवर निघायचे आणि शेळ्या हाकलायचे. मग पट्टीला समांतर वळसा घालून पुन्हा यायचं. रेडिओवर प्रत्येक वळणाला आपण कुठं आहोत ते बोलायचं, ऐकायला कुणी असो की नसो. समोरून दुसरं विमान आलं तर तो एकच धागा असतो. वाऱ्याची दिशा कापडी पिशवी सांगणार, आणि पिशवी फाटली असेल तर शेतातला धूर.

उडण्याआधीची तपासणी तर सगळीकडं सारखीच म्हणायला हवी, पण शांत पट्टीवर ती दुप्पट वेळ खाते. पंखाच्या पुढं एक बोटाएवढी नळी असते, पिटो नळी. तिच्यात शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग कळतो. कुंभारीण माशीला ती नळी घरट्यासाठी फार आवडते. चार दिवस तिच्यावर लाल टोपी घालायची राहिली की आत मातीचं बूच बसतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये १८९ माणसं घेऊन जाणारं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, कुणीही वाचलं नाही. त्या नळीत अशाच माशीनं घर केलं असावं असा तपासाचा निष्कर्ष होता. एवढ्या मोठ्या विमानाची ही गत, तर आठवडाभर शेतालगत उभ्या सेस्नाचं काय. इंजिनाच्या झाकणाखाली साळुंकी काड्या आणून भरते, उंदीर वायरी कुरतडतात. मी हात घालून, बॅटरी मारून, गुडघ्यावर बसून बघायला शिकलो ते तिथंच.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. पंखाखाली आणि पोटाखाली बारीक झडपा असतात, सेस्ना १७२ च्या नव्या मॉडेलला अशा तेरा जागा आहेत. प्रत्येकीतून पारदर्शक नळकांड्यात थोडं पेट्रोल काढायचं आणि उजेडाकडं धरायचं. विमानाचं पेट्रोल, म्हणजे एव्हगॅस, फिकट निळं दिसतं. तळाशी काचेच्या मण्यासारखा थेंब डुगडुगत असेल तर ते पाणी. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात दमट हवा ओढते, रात्री थेंब धरतात. ते थेंब इंजिनापर्यंत गेले तर इंजिन बंद पडतं, आणि बहुधा नेमकं उड्डाणाच्या वेळी. म्हणून बांधून ठेवताना टाकी भरलेली बरी.

आणि इथंच गावाकडची मोठी अडचण येते. मोठ्या विमानांना लागतं ते एटीएफ, म्हणजे एक प्रकारचं शुद्ध केरोसिन, आणि प्रवासी सेवेच्या विमानतळांवर तजवीज असते ती त्याची. एव्हगॅस वेगळं. देशात ते २०२२ पर्यंत परदेशातून यायचं. त्या वर्षी इंडियन ऑइलनं गुजरातच्या रिफायनरीत ते बनवायला सुरुवात केली. आडपट्टीवर ते बॅरलनं मागवावं लागतं. दोनशे लिटरचं एक बॅरल म्हणजे जवळजवळ सेस्नाची एक भरलेली टाकी. तासाला तीस-पस्तीस लिटरच्या हिशेबानं पाच-सहा तासांची सोय. बॅरल उशिरा आलं की विमान उभं. गर्दीच्या विमानतळावर जेटचा टँकर समोर उभा असतो, त्याचा उपयोग नाही. उलट चुकून ते केरोसिन पेट्रोलच्या टाकीत गेलं तर इंजिन हवेत दगा देतं, म्हणून त्याच्या नळीचं तोंड मुद्दाम चपटं आणि रुंद करतात, छोट्या टाकीच्या भोकात ते जाऊच नये. एटीएफवर चालणारी डिझेल जातीची छोटी इंजिनं आता निघाली आहेत, डायमंड कंपनीच्या विमानांत ती असतात. सोलापूरसारख्या ठिकाणी नवं विमान घेणाऱ्यानं मला विचारलं तर मी आधी त्यांच्याकडं बोट दाखवीन.

मेकॅनिकचं दुखणं मी स्वतः सोसलं आहे. इंजिनाला ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो असतात, आणि उडण्याआधी एकेक बंद करून बघायचा असतो. एका सकाळी डाव्यावर इंजिन खोकायला लागलं. एव्हगॅसमध्ये शिसं असतं, ते स्पार्क प्लगला धरतं. प्लग काढून साफ करायचा, अर्ध्या तासाचं काम. पण परवानाधारक इंजिनिअरनं काम करून सही केल्याशिवाय विमान उडवता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. आमचे इंजिनिअर दुसऱ्या गावी अडकलेले. ते आले नवव्या दिवशी. नऊ दिवस विमान दोराला बांधलेलं, आणि रोज सकाळी जाऊन मी गाठी तपासायचो. बारामतीसारख्या ठिकाणी, जिथं वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत, हा प्रश्न इतका टोचत नाही. तिथं इंजिनिअर, सुटे भाग, हत्यारं सगळं पट्टीवरच असतं.

मे महिन्याचा एक हिशेब राहिला. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटरवर. हवा तापली की विरळ होते, आणि पंखाला, पंख्याला, इंजिनाला तिघांनाही दाट हवा हवी असते. पारा बेचाळीसवर असताना होटगी रोडची हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी ते जवळपास कळसूबाईच्या माथ्यावरून उडत असतं. थंडीत समुद्रकाठी तीनशे मीटर धावून उचलणारं विमान इथं दुपारी सव्वाचारशे-साडेचारशे मीटर धावतं, आणि उचलल्यावरही रेंगाळत चढतं. २,१०० मीटरच्या पट्टीवर याची चिंता नाही. पण हजार-बाराशे मीटरची आडपट्टी, टोकाला बाभळी, आत चार माणसं आणि भरलेली टाकी, असं गणित मी मे महिन्यात दुपारी कुणालाही मांडू देणार नाही. पहाटे उडा, दोघंच बसा. आणि मोठ्या पट्टीचा एक फायदा माणसं बोलून दाखवत नाहीत: प्रवासी सेवा असली की अग्निशमनाचा बंब ठेवावाच लागतो. तो एटीआरसाठी असला तरी तुमच्या विमानासाठीही धावतो.

कागदांचं थोडक्यात. परवानगीचे आकडे घेणं शांत पट्टीवरूनही चुकत नाही. उड्डाणाचा आराखडा द्यायचा, हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक आणि माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक घ्यायचा, मगच चाक हलवायचं. नजरेवर उडणाऱ्यानं सूर्यास्ताच्या आत उतरायचं. फरक पडतो तो विमानापर्यंत पोचण्यात. शांत पट्टीवर फाटकाची किल्ली राखणदाराकडं. प्रवासी सेवेच्या विमानतळावर पास, झडती, वेळ. मुलांना विमान दाखवायला सहज घेऊन गेलो, असं तिथं होत नाही.

तर सोलापूरच्या माणसानं काय करावं? माझं मत असं. आठवड्याला उडणारा असेल तर विमान घराजवळच हवं, छप्पर मिळत असेल तर होटगी रोडलाच. धाराशिवची पट्टी इथून हवेतून सत्तर किलोमीटर, वीस मिनिटांची. बारामती दीडशेच्या आसपास, पाऊण तास. सर्व्हिसिंगला विमान स्वतः उडत जाऊ शकतं. महिन्या-दोन महिन्यांनी उडणारा असेल तर त्यानं एकट्यानं विमान घेऊच नये. बारामतीसारख्या ठिकाणी, जिथं ते इतरांच्या हातात फिरत राहील, तिथं भागीत घ्यावं. इंजिन तरी वाचेल. आणि जागा बघायला जाल तेव्हा भाडं विचारायच्या आधी हँगरच्या पत्र्याकडं बघा, मग इंजिनिअर कुठं राहतो ते विचारा, मग शेवटचं बॅरल कधी आलं ते.

एक तारीख मात्र कुठंही ठेवलं तरी चुकवू नका. विमान उडण्यालायक असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी तपासणी करून नवं करावं लागतं. मुदत संपली त्या दिवशी विमान बारामतीला असेल तर काम तिथंच होतं. सोलापूरला असेल तर ते पाऊण तासाचं अंतरही उडता येत नाही. आधी डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी कार्यालयाची, खास एका उड्डाणापुरती परवानगी काढावी लागते, नाहीतर इंजिनिअर, हत्यारं आणि तेलाचे डबे गाडीत घालून इकडं आणावे लागतात. म्हणून ही तारीख मी कालनिर्णयावर दोन महिने आधीच्या पानावर लिहायला सांगतो, लाल शाईनं, गॅसच्या नोंदीशेजारी.